कस्तुराच्या ओवीमागची कुणीतरी बाई

चिखलीच्या भिमाबाईचा आवाज जगात एकाच ठिकाणी साठवलेला होता, एका पिवळ्या कॅसेटमध्ये. कॅसेटवर नाव तिचं नव्हतं, कस्तुराचं होतं, आणि त्याबद्दल भिमाबाईने चौतीस वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. पहिली ओळ कस्तुराची, पुढची आपली, एवढ्यावर ती समाधानी होती. तेवढंसुद्धा तिच्याकडून काढून घ्यायला कस्तुराचाच नातू जन्माला यावा लागला.

भिमाबाई मूळची धाराशिवकडची. ऐंशी साली नवऱ्यामागे इकडे आली. नवरा भोसरीच्या एमआयडीसीत फाउंड्रीच्या भट्टीवर कामाला, आणि राहायला कस्तुराच्या मळ्याकडेच्या सात पत्र्याच्या खोल्यांपैकी शेवटची. कस्तुरा मालकीण. पंचविशीत विधवा झालेली, दातांना मिसरी, पुढच्या दोन दातांत फट, आणि बोलणं असं की वांगी तोडणाऱ्या गड्याला दिलेली शिवी देहू रस्त्यापर्यंत जावी. गुरुवारी सगळ्या पट्ट्यात वीज नसायची, गिरण बंद, म्हणून खोल्यांमधल्या बायका ज्वारी घेऊन कस्तुराच्या पडवीतल्या जात्यावर यायच्या. असल्याच एका गुरुवारी कस्तुराने दळताना ओवी टाकली. नेहमी तिची ओवी झेलणारी जाऊ माहेरी गेली होती. कस्तुरा थांबली. पडवीच्या टोकाला पाटी घेऊन उभ्या असलेल्या भिमाबाईने पुढची ओळ अशी अलगद उचलली, की कस्तुराने मान वळवून विचारलं, "कुणाची गं तू?"

"शेवटच्या खोलीतली."

"मंग लांब का उभी? बस हितं."

त्या दिवसापासून भिमाबाई जात्याच्या समोरच्या अंगाला बसली ती चाळीस वर्षं. भाड्याची खोली सोडून पुढे ती मुलाच्या फ्लॅटमध्ये गेली, जात्याची जागा तिने सोडली नाही.

ओवीचा एक कायदा कस्तुराने तिला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवला होता. टाकलेली ओवी दुसरीने उचलायची. पुढची ओळ सुचली तर ती म्हणायची, नाही सुचली तर तीच ओळ परत म्हणायची, पण उचलायची. रडताना बाई एकटी गाते. लग्नाच्या घरात एकटीची ओवी चालत नाही, ती खाली पडते, आणि पडलेली ओवी त्या घराला लागते. असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. पण त्या आळीतल्या बायका पोथ्यांपेक्षा कस्तुराला अधिक भीत.

१९९१ सालच्या मे महिन्यात, अकरा तारखेला, कस्तुराच्या मुलाच्या, सोपानरावांच्या लग्नाचा घाणा भरला. घाणा म्हणजे लग्नाची हळद दळायची. पाच सवाष्णींनी जात्याचा खुंटा धरला. कस्तुरा विधवा, तिने जात्याला बोट लावायचं नाही. ती खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "हात लावायला बंदी हाय, गळ्याला न्हाई." भोसरीचा एक कॅसेटवाला टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. खांबापासून कस्तुराने ओवी टाकली:

"हळद दळू बाई, उन्हाचं पीठ झालं"

आणि जात्यावरून भिमाबाईने उचलली:

"नवऱ्या बाळाच्या अंगाला सोनं की लागू आलं."

पाऊण तास असं चाललं. मध्ये जात्याची घरघर आहे, कुणाच्या तरी बांगड्या आहेत, एका ठिकाणी कस्तुरा खोकली आहे आणि भिमाबाईने तिला सावरायला आपली ओळ दोनदा म्हटली आहे. पुढे त्याची कॅसेट बाजारात आली, आणि दिघीपासून चाकणपर्यंत एकही हळद या कॅसेटशिवाय लागली नाही. वेष्टणावर कस्तुराचा फोटो होता. भिमाबाईचं नाव नव्हतं, कारण भाडेकरणीचं नाव छापायचं असतं हे कुणाला सुचलं नाही, भिमाबाईलाही नाही.

कस्तुरा चार वर्षांपूर्वी गेली. मळा त्याच्याही आधी गेला. तिथे आता बावीस मजल्यांचे तीन टॉवर आहेत आणि त्यांच्या फाटकावर कारंजं आहे, ते फक्त गिऱ्हाईक आलं की उडतं.

तर नातू प्रीतम. सोपानरावांचा थोरला. वय बत्तीस, धंदा जागेच्या खरेदीविक्रीत मध्ये उभं राहण्याचा. चौकातल्या फ्लेक्सवर तो वर्षातून किमान पाच वेळा झळकतो, आणि त्यातला वाढदिवस एकच असतो. गळ्यात साखळी, मनगटावर दोरे, डोळ्यांवर गॉगल, रात्र असो की देवाची आरती असो. गाण्याचा त्याचा अभ्यास म्हणाल तर मोबाईलवरच्या कराओकेवर चार महिने. एवढ्या तयारीवर त्याने ठरवलं की धाकट्या भावाच्या, ज्ञानेशच्या हळदीला आपण स्वर्गवासी आजीबरोबर युगुलगीत गायचं. जिवंत असताना आजीजवळ हा पाच मिनिटं बसत नव्हता. मिसरीचा वास येतो म्हणायचा.

घरातली कॅसेट बुरशीने खाल्ली होती, गावातल्या बाकीच्या कधीच कचऱ्यात गेल्या होत्या. मग कुणीतरी त्याला सांगितलं की भिमाबाईकडे आहे. भिमाबाईने ती स्टीलच्या डब्यात कापराची वडी घालून ठेवली होती. दर दसऱ्याला धनेश, तिचा मुलगा, चाकणच्या कंपनीतल्या मशीनला हार घालून आला की ही कॅसेट काढायची, चाकात पेन्सिल घालून फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची, कुंकू लावायचं आणि परत ठेवायची. प्रीतम आला तेव्हा तिने डबा उघडायच्या आधी त्याला बसवलं.

"दोघींचा आवाज हाय त्यात. जसा हाय तसा परत आणून दे."

"आज्जी, टेन्शनच घेऊ नका. आजीला एकदम इंटरनॅशनल करतो."

"मराठी ऱ्हाऊ दे म्हंजी झालं," भिमाबाई म्हणाली, आणि कॅसेट दिली.

कॅसेट परत आली, आठ दिवसांत, धुळीचा कणही न लागता. त्याबद्दल प्रीतमला नावं ठेवता येणार नाहीत. नावं ठेवण्याजोगं पुढे आलं, दिवाळीच्या पाडव्याला, धनेशच्या मोबाईलवर.

आधी चित्र आलं. हिरव्या पैठणीत एक गोरीपान म्हातारी, नाकात भली मोठी नथ, दात मोत्यांसारखे एकाला एक लागलेले. ती मान डोलावत होती.

"ही कोण?" भिमाबाईने विचारलं.

"कस्तुराआजी. कॉम्प्युटरनं केलीय."

"कस्तुरीनं जलमात नथ घातली न्हाई. आन् दातातली फट कुठं गेली?"

फट खरंच गेली होती. आणि तिच्यातून येणारी ती बारीक शीळसुद्धा. 'सोनं' म्हणताना, 'सासर' म्हणताना कस्तुराच्या दातांतून जी शीळ यायची, ती पुसून घेतली होती. खोकला काढला होता. जात्याची घरघर काढली होती. इतकंच काय, दोन ओळींच्या मध्ये कस्तुरा जो दम घ्यायची तोही काढला होता. म्हातारी श्वास न घेता गात होती. मेलेल्या माणसाला श्वास कशाला लागतो, असा हिशेब असावा.

भिमाबाईने या सगळ्याकडे दुर्लक्ष करून आपली ओळ यायची वाट पाहिली. 'उन्हाचं पीठ झालं' झालं. मग काहीच नाही. ढोल. मग पांढऱ्या शेरवानीतला प्रीतम, गॉगलसकट, "आजी माझी लेजंड, आजी माझी ब्रँड."

"परत लाव," ती म्हणाली.

धनेशने परत लावलं. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. तिची एकही ओळ त्यात नव्हती. खाली लोकांनी लिहिलं होतं, अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, भावा तोडलंस. धनेशने ते वाचून दाखवलं, तिला बरं वाटेल म्हणून. माणसं कधी कधी फार दयाळूपणे मूर्ख असतात.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून प्रीतमच्या ऑफिसात गेली. तिथे गाणं बनवून देणारा सुजितही बसला होता. निगडीत त्याचा स्टुडिओ आहे. केस एका बाजूने भादरलेले, दुसऱ्या बाजूने बांधलेले.

"आमच्या ओळी कुठं गेल्या?" भिमाबाईने उभ्याउभ्याच विचारलं.

सुजितला आधी कळेना. मग उजेड पडला. "अच्छा, ते! मागं कुणीतरी बाई मध्ये मध्ये गात होती. सगळ्या टेकमध्ये घुसली होती राव. सॉफ्टवेअर लावून पूर्ण क्लीन केली."

"ती कुणीतरी बाई म्या हाय."

शरम वाटायला एवढं पुष्कळ होतं. पण शरम वाटायला आधी ती असावी लागते. प्रीतम हसला आणि त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"आज्जी, बसा ना. बघा, प्रॉब्लेम काय होता, तुमचा आवाज आजीच्या आवाजावर चढत होता."

"चढत न्हवता. झेलत व्हता."

"तेच ते. आणि ड्युएट म्हणजे दोघंच. तिसरा माणूस बसवायचा कुठं?"

"दोघीच व्हतो आमी. तिसरा तू हायस."

सुजितने मोबाईलमध्ये डोकं घातलं. प्रीतमने मात्र बाजी सोडली नाही. तो म्हणाला, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू, सध्या गाणं चाललंय. आणि आज्जी, हळदीला तुम्ही हव्याच. पुढच्या रांगेत. स्क्रीनवर आजी आली की कॅमेरा तुमच्यावर येणार. आजीची जुनी मैत्रीण, डोळ्यांत पाणी. "एवढं एक करा आपल्यासाठी."

"डोळ्याला पानी म्या आणू का तू आणनार?" भिमाबाईने विचारलं. "का तेबी सॉफ्टवेअरनं?"

घरी आल्यावर धनेशने हळूच सांगून पाहिलं. "आई, त्यांची माणसं मोठी हायत. आपल्याला हितंच ऱ्हायचंय. दोन ओळींसाठी कशाला?"

"तुझ्या बापाची पासबुकं हायत, तुझं शाळंचं दाखले हायत, ह्या घराचा करार हाय," भिमाबाई म्हणाली. "माझं काय हाय सांग. त्या दोन ओळी हायत." आणि ती भाकरी थापायला बसली. हळदीला जाणार नाही, असंही तिने जाहीर केलं.

गेली ती शालनबाईंमुळे. शालनबाई म्हणजे प्रीतमची आई, कस्तुराची सून. १९९१ सालच्या त्या घाण्याची हळद जिच्या अंगाला लागली ती. बाई मवाळ आहे, मुलापुढे तिचं काही चालत नाही, पण ती स्वतः जिना चढून आली, सुपारी ठेवली आणि म्हणाली, "सासूबाई न्हाईत. तू तरी ये, भिमे." अशा बोलावण्याला नाही म्हणायची भिमाबाईची रीत नव्हती.

हळद २७ नोव्हेंबरला, गुरुवारी, मोशीच्या एका लॉन्सवर. गुरुवार घेतला होता कारण कंपन्यांना सुट्टी. झेंडूच्या कमानी, पिवळे गॉगल घातलेली मित्रमंडळी, पाण्याच्या बाटल्यांवर नवऱ्यामुलाचा फोटो. मध्ये चौथऱ्यावर एक जातं मांडलं होतं. जातं डेकोरेशनवाल्याचं. शालनबाईंनी आणि चार सवाष्णींनी खुंटा धरून जोर लावला, तर ते हलेना. वरखालच्या दोन्ही तळ्या एकमेकींना चिकटवलेल्या होत्या, वाहतुकीत सरकू नयेत म्हणून. "नुसता हात ठेवा काकू, फोटोत फिरतंय असंच दिसतं," कॅमेरावाला म्हणाला. हळद पाकिटातली, परातीत आधीच ओतलेली.

भिमाबाईला पुढच्या रांगेत बसवलं, पण रांगेच्या कडेला. तिथून जात्यापर्यंत आठ पावलं. मध्ये कुणी तिला बोलावलं नाही, कारण तीही आता विधवा, हळदीच्या कामात विधवेचं काय काम. समोर वीस फुटी पडद्यावर मात्र दुसरी एक विधवा नथ घालून लावली होती, आणि तिच्या पायांशी नवऱ्यामुलाचा पाट. मेलेली विधवा चालत होती. अडचण जिवंत विधवेची होती.

प्रीतम माईक घेऊन आला. दिवे मंद झाले. कॅमेरा भिमाबाईच्या तोंडासमोर. पडद्यावरच्या म्हातारीने तोंड उघडलं.

"हळद दळू बाई, उन्हाचं पीठ झालं..."

आणि गाणं थांबलं. त्या रिकाम्या जागेला सुजित म्हणे 'इमोशनल पॉज' म्हणतो. मोबाईलच्या एवढ्याशा भोंग्यावर ती जागा निसटून जायची. इथे दोन माणूसभर उंच स्पीकर होते, आणि ती जागा विहिरीसारखी दिसली. चाळिशीच्या पुढची एकूणएक बाई ही ओवी जन्मभर ऐकत आली होती. पुढची ओळ येणार म्हणून सगळ्यांच्या माना डोलायला लागल्या, आणि ओळ आली नाही. ढोल आला.

दुसरी ओवी. "मांडवाच्या दारी, कुणाची वाट पाही..." पुन्हा विहीर. पुन्हा ढोल.

मागच्या खुर्च्यांवरून एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "अगं बया, ओवी पडतीया की!" कुजबुज सुरू झाली. तिसरी ओवी पडली. बायका आता पडद्याकडे बघत नव्हत्या, त्या भिमाबाईकडे बघत होत्या. चौथी पडली. भिमाबाई तोंडात सुपारी घोळवत सरळ समोर बघत बसली होती. कॅमेरावाल्याने खूण केली, रडा म्हणून. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कॅमेरा खाली घेतला.

शालनबाईंचा हात खुंट्यावर होता. चेहरा मात्र परातीतल्या हळदीपेक्षा पिवळा. त्या उठल्या, सगळ्यांदेखत ती आठ पावलं चालून आल्या आणि खाली वाकून म्हणाल्या, "भिमे, उचल की गं. लेकराचं लगीन हाय."

"कुनाची उचलू?" भिमाबाई म्हणाली. "ती बाई दमच घेईना. तिनं दम घेतला तर म्या उचलावं. तुमच्या पोरानं तिचा दम काढून टाकला, आन् माझा गळा. आता झेलाया मीच पायजे व्हय?"

"मी त्याला सांगते, तुझा आवाज परत घालाया लावते."

"नगं घालू. हे बंद कर. एवढंच."

शालनबाई वळल्या. चौतीस वर्षांत कुणी त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता. "प्रीतम! बंद कर ते!"

"मम्मी, लाईव्ह चालू आहे! साडेचार हजार लोक बघतायत!"

"तुझ्या साडेचार हजारांना लागू दे मग ओवी! माझ्या लेकाला न्हाई लागू द्यायची. बंद कर, मुडद्या!"

बंद झालं. म्हातारी तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठली. भटारखान्यातली झाऱ्यांची खडखड लॉन्सभर ऐकू यायला लागली.

आणि मग भिमाबाईच्या ध्यानात आलं की आता आपल्यावर आलं आहे. चाळीस वर्षं तिने ओवी झेलली होती, टाकली कधीच नव्हती. पहिली ओळ आली की पुढची तिला आपोआप सुचायची. नुसतं मोकळं रान समोर ठेवून पहिली ओळ काढायची, हे काम कस्तुराचं. आणि तिने टाकली तरी उचलणार कोण? जात्यावर उरलेल्या चौघी, त्यातल्या दोघी तर लग्न आहे की बारसं याचंसुद्धा भान नसलेल्या, मोबाईल हातात. तिची ओवी पडली तर तीही पडद्यावरच्या म्हातारीच्या ओवीसारखीच पडणार होती.

ती उठली नाही. खुर्चीच्या पाठीला, कस्तुरा खांबाला टेकायची तशी, टेकली. सुपारी गालात सरकवली. दम घेतला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मांडवाच्या दारी, दळनाचा सूर गेला..."

आवाज फाटला होता. बहात्तर वर्षांचा आवाज, नुसत्या गळ्याने, कापडी मांडवाखाली. ती थांबली. शालनबाई जात्यापाशी परत पोचल्या होत्या. त्यांचे ओठ हलले, काही आलं नाही. भिमाबाईने डोळे त्यांच्यावर रोखून धरले. मागची म्हातारी खुर्चीतून अर्धी उठली.

"मांडवाच्या दारी," शालनबाई म्हणाल्या, भलत्याच पट्टीत, रडव्या, बेसूर, "दळनाचा... सूर गेला."

तीच ओळ. पण उचलली. पुढची ओवी मागच्या खुर्च्यांवरून तिघींनी उचलली, त्यापुढची निम्म्या लॉन्सने. पाच सवाष्णी न फिरणाऱ्या जात्यावर हात ठेवून झुलत राहिल्या. प्रीतम माईक धरून उभा होता. गाणं कुठून सुरू होतं आणि आपण कुठे शिरायचं, हे त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी धनेश कामावरून आला तो हसत. कुणीतरी त्या हळदीचा तुकडा मोबाईलवर टाकला होता आणि तो प्रीतमच्या गाण्यापेक्षा जास्त फिरत होता. "आई, प्रीतमभाऊंचा फोन होता. म्हणतात, आता तुमच्याबरोबर एक गाणं करू. नाव घालतो म्हणाले. मोठ्या अक्षरात."

भिमाबाई कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन बारीक प्लास्टिकचे तुकडे सुरीच्या टोकाने मोडत होती. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, हे तिला भोसरीच्या कॅसेटवाल्याने तेव्हाच सांगितलं होतं. इतकी वर्षं तिला तशी गरज वाटली नव्हती.

"त्याला म्हनावं, मेल्यावर ये," ती म्हणाली. "जित्या मानसाबरूबर त्याला कुठं गाता येतंय? तवर दम धर म्हनावं."

प्रीतमने ते मनावर घेतलं नाही. तसल्या माणसांच्या मनावर काही घ्यायला जागा नसते. तो सध्या आजोबांचा फोटो शोधतो आहे. आजोबा गात नव्हते, पण त्याने सुजितला विचारून ठेवलं आहे, आणि सुजित म्हणतो, काही अडचण नाही.

शालनबाई मात्र आता दर गुरुवारी दुपारी जिना चढून येतात. जातं नाही, ते मळ्याबरोबर गेलं. दोघी स्वयंपाकघरातल्या फरशीवर समोरासमोर बसतात. कॅसेटमधल्या कस्तुराच्या ओळी भिमाबाई टाकते, कस्तुरा जिथे थांबली तिथे थांबत, आणि पुढच्या शालनबाई उचलतात. शालनबाईंना सूर नाही, आणि येईल असंही दिसत नाही. भिमाबाई त्यांना तोंडावर तसं सांगते. गेल्या गुरुवारी त्यांनी ओळ घाईघाईने मध्येच उचलली, तर भिमाबाईने ओवी थांबवली आणि फरशीवर हात आपटला.

"पळतीस कुठं? कस्तुरीला खोकून तरी हू दे. मग घे."